चाकांच्या खुर्चींतील प्रवासी

१९४८ सालच्या जून महिन्याच्या १ तारखेस राज्य परिवहनाची पहिली मोटारगाडी पुण्याहून निघून आमच्या नगरास येऊन पोंचली, ही गोष्ट नगरकर मोठ्या अभिमानानें सांगतात, व तो अभिमान रास्तच आहे. तेव्हांपासून एस्. टी. नें या जिल्ह्यांतील गांवें बाजाराशीं, दवाखान्याशीं आणि शाळेशीं जोडलीं. शेतकऱ्याचें गाठोडें, बाजारकरणीची पाटी, विद्यार्थ्याचा जेवणाचा डबा, या सर्वांस त्या गाडींत जागा मिळाली. परंतु त्या गाडीच्या पायऱ्या ज्यांस चढतां येत नाहींत अशीं माणसें आपल्यांत पहिल्या दिवसापासून होतींच, आणि त्यांचा रस्ता आजही बहुतेक ठिकाणीं पहिल्या पायरीपाशींच संपतो. चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्या मनुष्यास वाहनांतून सुरक्षितपणें कसें न्यावें, हा विषय शाळेच्या वार्षिकांत शोभेल कीं नाहीं, अशी शंका आमच्या एका स्नेह्यांनीं काढली. शोभो वा न शोभो, तो घेणें आम्हांस भाग आहे. कारण गेल्या वर्षीं या बाबतींत आमच्याच हातून चूक झाली, व ती झांकून ठेवून इतरांस उपदेश करणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

हकीकत अशी. गेल्या डिसेंबरांत इयत्ता नववीची सहल वेरूळास निघाली. त्या वर्गांत एक विद्यार्थी चाकांच्या खुर्चींत बसून शिकतो. त्याचे पाय जन्मापासून लुळे आहेत. बुद्धि मात्र तल्लख, आणि भूमितींत तर तो फळ्यावरील आमच्याच चुका दाखवितो. सहलीच्या यादींत त्याचें नांव नव्हतें. आम्हीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, “सर, माझ्यामुळें सगळ्यांची अडचण होईल.” हे शब्द आमच्या मनास लागले. आम्ही त्याच्या घरीं गेलों, वडिलांची समजूत घातली व संमति आणली. येथवर जें केलें तें योग्य होतें. पुढें केलें तें अविचाराचें.

गाडी भाड्याची होती. पहांटे चौघां मुलांनीं त्याला खुर्चीसह उचललें, दारांतून तिरकें करून आंत घेतलें, आणि दाराजवळच्या मोकळ्या जागेंत खुर्ची ठेवून दिली. समोर तोंड करून ठेविली असतां येण्याजाण्याची वाट अडत होती, म्हणून तिचें तोंड खिडकीकडे केलें. खुर्चीचे ब्रेक लावले. एका मुलीनें आपली ओढणी दिली. तिनें खुर्चीचा हात शेजारच्या बाकाच्या दांड्यास बांधला. मग प्रार्थना केली आणि निघालों. इमामपूरच्या घाटांत एका वळणावर उसानें भरलेला ट्रॅक्टर पुढें आला. त्याच्या मागें तांबडा दिवा नव्हता, आणि अजून पुरतें उजाडलेंही नव्हतें. ड्रायव्हरनें ब्रेक दाबला. दाबला नसता तर हा लेख लिहिण्यास आम्ही राहिलों नसतों. बाकांवर बसलेल्या मुलांस नुसता हिसका बसला. खुर्ची मात्र गर्रकन् फिरली, ओढणी फाटली, आणि मुलगा खुर्चीसकट दाराच्या पायऱ्यांत कोसळला. हनुवटीस चार टांके पडले व पुढचा एक दांत गेला. सहकाऱ्यांबरोबर वर्गास पुढें पाठवून आम्ही त्याला घेऊन माघारीं फिरलों. नगरास येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाहीं. त्यानें आमच्यावर रागावावें असें आम्हांस फार वाटत होतें, पण तो रागावलाही नाहीं.

देवानें वांचविलें असें पुष्कळांनीं म्हटलें, व आम्हींही देवाचे उपकार मानले. परंतु खुर्ची नीट बांधणें हें देवावर सोंपविण्याचें काम नव्हतें. तें आमचें होतें. तें कसें करावें हें ठाऊक नव्हतें ही सबब शिक्षकाच्या तोंडीं शोभत नाहीं. म्हणून गेल्या वर्षभरांत या विषयावर जें मिळालें तें आम्हीं वाचलें, जाणकारांस विचारलें, व आतां वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिली समजूत सोडावयाची ती खुर्चीच्या ब्रेकविषयींची. हा ब्रेक चाकास फिरूं देत नाहीं, एवढेंच त्याचें काम. खुर्चीला तो गाडीच्या तळाशीं बांधीत नाहीं. चाक फिरलें नाहीं तरी घसरतें, आणि घसरलें नाहीं तर खुर्ची उलथते. कारण बसलेल्या मनुष्याचें बरेंचसें वजन वरच्या अंगास असतें व खुर्चीचा पाया अरुंद. घरच्या अंगणांत उतारावर जो ब्रेक पुरतो तो ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या गाडींत पुरेल असें मानणें म्हणजे होडीच्या दोरानें जहाज बांधण्यासारखें आहे.

दुसरी चूक तोंड आडवें करण्याची. मनुष्याचें शरीर पुढून येणारा धक्का पट्ट्याच्या आधारानें बराच सोसतें, कारण कमरेचें हाड व छातीचा पिंजरा मिळून तो धक्का वांटून घेतात. बाजूनें बसलेल्या मनुष्याच्या मानेस व कमरेस असा आधार नसतो. पट्टा असला तरी तो भलत्याच ठिकाणीं रुततो. म्हणून खुर्ची गाडीच्या तोंडाकडेच तोंड करून ठेवावी, कधींही आडवी ठेवूं नये, हा या शास्त्राचा पहिला नियम मानतात. युरोपांतील कांहीं शहरांत मोठ्या बसगाड्यांमध्यें खुर्ची मागें तोंड करून, पाठीशीं मऊ फळी देऊन ठेवितात व पट्टे बांधीत नाहींत हें खरें. पण ती सोय शहरांतील संथ चालीच्या, अवजड गाड्यांपुरती आहे. नगर-पुणें रस्त्यावर धांवणाऱ्या गाडीस ती लावूं नये.

हे नियम केवळ तर्कानें बसविलेले नाहींत. अशा खुर्च्या व त्यांचे पट्टे यांची परीक्षा घेण्याची रीत ठरलेली आहे. खुर्चींत माणसाच्या वजनाचा पुतळा बसवितात, ताशीं ४८ किलोमीटर वेगानें गाडी धडकावी तसा धक्का देतात, आणि खुर्ची मोडते कीं टिकते, पुतळा किती पुढें जातो, हें मोजतात. त्या क्षणीं प्रत्येक वस्तु आपल्या वजनाच्या सुमारें वीसपट जोरानें पुढें ओढली जाते. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. खुर्ची १७ किलोची व मुलगा ४३ किलोचा धरला तर दोघांचे मिळून ६० किलो. त्याची वीसपट म्हणजे १२०० किलो. बारा क्विंटल ओढ आणि समोर एक सुती ओढणी! विजेवर चालणारी खुर्ची तर एकटीच शंभर किलोच्या आसपास भरते. तिचा हिशेब आम्ही मुलांवर सोंपवितों.

यावरून पुढील गोष्ट कळेल. ज्यास खुर्चींतून उठवून गाडीच्या बाकावर बसवितां येतें, व ज्यास तें सोसतें, त्याला बाकावरच बसवावें, गाडीचाच पट्टा लावावा, आणि रिकामी खुर्ची घडी करून घट्ट बांधून ठेवावी; मोकळी ठेवूं नये, कारण मोकळी खुर्ची धक्क्यांत इतरांच्या डोक्यावर येते. हा मार्ग सर्वांत निर्धोक. आमच्या विद्यार्थ्यास असें बसवितां आलें असतें कीं नाहीं, हें आम्हीं त्या पहांटे त्याला विचारलेंसुद्धां नाहीं. चौघे उचलावयास आहेत या आनंदांतच आम्ही होतों. पुढें विचारलें तेव्हां कळलें कीं, पाठीच्या कण्याच्या दोषामुळें त्यास साध्या बाकावर तासभरही बसवत नाहीं. त्याची खुर्ची त्याच्या पाठीस बेतून केलेली आहे. म्हणजे त्याच्यासाठीं दुसराच मार्ग हवा होता.

तो मार्ग चार पट्ट्यांचा. खुर्चीच्या सांगाड्यास पुढून दोन व मागून दोन असे चार मजबूत पट्टे लावून ते गाडीच्या तळांतील पोलादी पट्टीस अडकवावयाचे व ताणून घट्ट करावयाचे. पट्टा सांगाड्याच्या जोडकाम केलेल्या पक्क्या भागास लावावा. चाकास, पाय ठेवण्याच्या फळीस किंवा काढतां येणाऱ्या हातास लावूं नये, कारण ते भाग पहिल्याच ओढींत निखळतात. मार्ककृत शुभवर्तमानांत पक्षघाती मनुष्यास चौघांनीं उचलून आणल्याची कथा आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. कोपऱ्यागणिक एक माणूस, हें गणित आम्हांस त्या कथेमुळें चटकन् लक्षांत राहिलें. पण केवळ खुर्ची बांधली म्हणजे मनुष्य बांधला गेला असें नव्हे, आणि येथेंच पुष्कळ समंजस माणसेंही फसतात. मनुष्यास वेगळा पट्टा हवा, कमरेचा व खांद्याचा असा दुहेरी, आणि त्याचा जोर गाडीवर पडला पाहिजे. खुर्चीबरोबर कारखान्यांतून जो लहानसा पट्टा येतो तो माणसास ताठ बसविण्यापुरता असतो. धडकेंत त्याचा उपयोग नाहीं. कमरेचा पट्टा पोटावर न येतां खालीं, कमरेच्या हाडावर बसावा. पोटावर आला तर आंतील इंद्रियांस इजा करतो. खांद्याचा पट्टा गळ्यास न घांसतां खांद्याच्या मध्यावरून यावा. खुर्चीच्या हातांवरून पट्टा गेला तर तो अंगापासून दूर राहतो. म्हणून तो हातांच्या आंतून घ्यावा. मांडीवर फळी, पाटी, डबा असें कांहीं ठेवूं नये. प्राणवायूची नळकांडी असेल तर तीही बांधावी.

ज्या खुर्च्यांनीं वरील परीक्षा पार केली त्यांवर पट्टे अडकविण्याच्या चार जागा आंकड्याच्या चिन्हानें दाखविलेल्या असतात. अमेरिकेंत अशा खुर्च्यांचें प्रमाण २००० सालीं ठरलें. सरकारी योजनांतून व धर्मादाय संस्थांतून मिळालेल्या ज्या घडीच्या खुर्च्या आम्हीं नगरांत पाहिल्या, त्यांपैकीं एकीवरही तें चिन्ह आढळलें नाहीं. याचा अर्थ त्या टाकाऊ आहेत असा नाहीं. घरांत व शाळेंत त्या उत्तम काम देतात. परंतु धांवत्या गाडींत बसावयाचें आसन म्हणून त्या केलेल्या नाहींत, हें देणाऱ्यानें घेणाऱ्यास सांगावयास पाहिजे. फीत कापतांना व छायाचित्र काढतांना हें सांगण्यास कोणास सवड होत नाहीं.

आतां आपल्या रस्त्यांवर काय चालतें तें पाहा. ज्यास छोटा हत्ती म्हणतात त्या मालवाहू टेंपोच्या मागच्या हौद्यांत खुर्चीसकट मनुष्यास चढवितात आणि घरचे दोघे तिला धरून उभे राहतात. लग्नास, दवाखान्यास, शिर्डीस, असेच नेतात. धरणाऱ्यांच्या मायेबद्दल आम्हांस शंका नाहीं. पण बारा क्विंटलांची ओढ मायेनें थांबत नाहीं, आणि धरणारे स्वतःच मोकळे उभे असतात. रिक्षांत तर मनुष्य पुढें व खुर्ची मागें लोंबकळत जाते. एस्. टी. च्या स्टँडावर अनोळखी प्रवासी पुढें होऊन कोणी काखेंत, कोणी पायास धरून उचलतात. उचलणारा मनाचा मोठा असतो, परंतु उचलावें कसें हें त्यास कोणीं शिकविलेलें नसतें, आणि ज्यास उचलतात त्याचा खांदा निखळल्याचें व अंगावरील वस्त्र सरकल्याचें दुःख तो मुकाट्यानें गिळतो. वयांत आलेल्या मुलीस हें किती असह्य होत असेल! तिनें महाविद्यालय सोडलें तर आपण म्हणतों, शिक्षणाची आवड नव्हती.

कायद्याचें म्हणाल तर तो आतां आपल्या बाजूस आहे. १९९५ च्या कायद्यानें आगगाड्या व बसगाड्या सोयीच्या करण्यास सांगितलें होतें, पण आर्थिक कुवत असेल त्याप्रमाणें, असें शेपूट त्यास जोडलेलें होतें. आणि कुवत कोणाची केव्हां असते? २०१६ चा अपंग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या ४१ व्या कलमांत सर्व प्रकारच्या वाहनांचा समावेश आहे, आणि शक्य व सुरक्षित असेल तेथें जुन्या वाहनांतही फेरफार करावेत असें म्हटलें आहे. आम्हां शिक्षकांस त्याहून जवळचें कलम १६ वें. सरकारमान्य शाळांनीं अपंग मुलांच्या येण्याजाण्याची सोय करावी असें तें सांगतें. म्हणजे ‘त्याला सहलीस नेऊं कीं नको’ हा आमच्या दयाबुद्धीचा प्रश्न राहिलेला नाहीं. मोटारवाहनांच्या नियमांत २०१९ च्या डिसेंबरांत दुरुस्ती होऊन, १ मार्च २०२० पासून नव्या बसगाड्यांत राखीव आसनें, कुबड्या ठेवण्याची सोय, धरावयाचे दांडे, आणि चाकांची खुर्ची आंत घेऊन अडकवून ठेवण्याची व्यवस्था असावी असें ठरलें. पुढें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं राजीव रतुरी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, सोयीसंबंधीं केलेले नियम केवळ शिफारशीवजा राहून चालणार नाहीं. ते बंधनकारक पाहिजेत. पुण्यास २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या कमी उंचीच्या बसगाड्या आल्या, त्यांत खुर्चीसाठीं उतरती फळी आहे. पुण्याची ती फळी नगरास केव्हां येईल? पहिली मोटार तर एका दिवसांत आली होती.

येथें एक आक्षेप हमखास येतो. स्टँडावर चाकांच्या खुर्चीचे प्रवासी दिसतात तरी किती, मग त्यांच्यासाठीं एवढा खर्च कां? २०११ च्या खानेसुमारींत देशांत २ कोटि ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यांत चालण्या-फिरण्यास अडचण असलेले सुमारें ५४ लाख. एकट्या महाराष्ट्रांत सर्व प्रकारचे मिळून २९ लाख ६३ हजार. ते स्टँडावर दिसत नाहींत, कारण स्टँड त्यांना आंत घेत नाहीं. नदीस पूल नसतांना नदी ओलांडणारे मोजून पुलाची गरज ठरविणाऱ्या इंजिनियरास आपण काय म्हणूं? शिवाय उतरती फळी ही म्हाताऱ्यांस, गरोदर स्त्रियांस, गुडघे दुखणाऱ्यांस व पेट्या वाहणाऱ्यांस तितकीच उपयोगी पडते. आणि या जिल्ह्यांत रस्त्यावरच्या अपघातांनीं दर वर्षीं कितीतरी धडधाकट माणसें खुर्चींत येऊन बसतात. आज जो आक्षेप घेतो तो उद्यां त्या रांगेंत नसेलच असें नाहीं.

शब्दांविषयीं जातां जातां एक सांगूं. पूर्वी पंगु म्हणत, मग अपंग म्हणूं लागले, आतां सरकारदरबारीं दिव्यांग म्हणतात. आमच्या शहराचेंही नांव २०२४ सालीं बदललें, आणि गाड्यांवरील पाट्या रंगविल्या गेल्या. पाटी बदलण्यास जो उत्साह लागला त्याच्या दशांशानें पायरी बदलली असती तर बरें झालें असतें. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनीं आपल्या आत्मचरित्रास ‘चाकाची खुर्ची’ असें साधें नांव दिलें. ऐन तारुण्यांत पाय गेलेल्या या बाईंनीं पुढें अपंगांसाठीं केवढी संस्था उभी केली, तें विद्यार्थ्यांनीं मुळांतूनच वाचावें. पुस्तक आमच्या ग्रंथालयांत आहे, आणि खेदाची गोष्ट, त्याच्या कार्डावर गेल्या तीन वर्षांत दोनच नांवें आहेत.

आमच्या जिल्ह्यास हें काम परकें वाटण्याचें कारण नाहीं. जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं सुरूं केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पांत खेड्यांतल्या माणसांनींच कृत्रिम पाय तयार करण्याची विद्या हस्तगत केली. लोखंडी उतरती फळी आमच्या एम्. आय्. डी. सी. तील कोणताही चांगला मिस्त्री करील. पट्टे व आंकडे मात्र घरीं करूं नयेत. ते परीक्षा झालेलेच विकत घ्यावेत, व तळांतील पट्टी नुसत्या पत्र्यास न ठोकतां गाडीच्या सांगाड्यास बसवावी. गाडींत असा फेरफार करण्यास परिवहन कार्यालयाची संमति लागते; ती घेण्याचा कंटाळा करूं नये.

हें सर्व वाचून व विचारून आम्हीं ज्यांची गाडी नेहमीं भाड्यानें घेतों त्या मालकांस गांठलें. प्रथम ते हंसले. मग दोन बाकें काढून एक जागा करून देण्यास तयार झाले, परंतु शाळेनें दर वर्षीं त्यांचीच गाडी घ्यावी या अटीवर. अट आम्हांस वाजवी वाटते, आणि खर्चाचा अंदाज व्यवस्थापक मंडळापुढें ठेविला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकीं कोणास यांत भर घालावयाची असेल तर मुख्याध्यापकांस लिहावें.

मिस्त्र्यानें तळांतील पट्टी कोठें बसवावयाची असें विचारलें, तेव्हां आम्हीं तें काम त्या विद्यार्थ्याकडेच दिलें. मागच्या पट्ट्यांनीं जमिनीशीं ३० ते ४५ अंशांचा कोन करावा असें पुस्तकांत आहे. त्यानें आपली खुर्ची मोजली. पट्टा लावण्याची जागा जमिनीपासून १६ इंच भरली. मग एका दुपारीं मधल्या सुटींत बसून त्यानें काढलें कीं, मागची पट्टी त्या जागेपासून १६ इंचांहून जवळ व सुमारें २८ इंचांहून दूर असूं नये. आकृति स्वच्छ आहे, बाणांसह. ती आतां गॅरेजाच्या भिंतीवर लावलेली आहे. मिस्त्र्यानें पेन्सिलीनें २ फूट ६ इंच असा आंकडा तींत घातला होता. तो खोडून आमच्या विद्यार्थ्यानें शेजारीं तांबड्या शाईनें २ फूट असें लिहिलें आहे.